हीटरचा दांडा आणि गाडीचे तेच असणे

पोर्शे 911 या जर्मन स्पोर्ट्‌स कारचे इंजिन 1964 ते 1998 या काळात हवेने थंड होत असे. इंजिनाभोवती पाणी खेळत नसल्याने, इतर मोटारींत गरम पाण्याच्या नळीतून केबिनला जी ऊब मिळते ती या गाडीत मिळण्याची सोय नव्हती. मागच्या बाजूला बसवलेल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा पंखा जी हवा ढकलतो, तिच्यातला काही भाग एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती बसवलेल्या पत्र्याच्या कवचातून नेला जाई. तिथे तापलेली हवा गाडीखालच्या झडपांपाशी येई. ऊब नको असेल तेव्हा झडप ती हवा बाहेर सोडून देई. हवी असेल तेव्हा तीच हवा दरवाजाखालच्या पोकळीतून पुढे येई आणि चालकाच्या पायांशी व समोरच्या काचेवर पोचे. झडप हलवण्यासाठी दोन सीटांच्या मध्ये, हँडब्रेकजवळ, एक दांडा असे आणि दांड्यापासून झडपेपर्यंत केबल. नंतरच्या वर्षांत पूरक पंखे आले, तापमान राखणारी उपकरणे आली, पण एक्झॉस्टची फुकट जाणारी उष्णता वळवून घ्यायची ही मूळ मांडणी कायम राहिली.

या मांडणीच्या खोडी प्रसिद्ध आहेत. इंजिन जोरात फिरले तर ऊब जास्त, सिग्नलला उभे राहिले तर कमी. म्हणजे दांडा एकदा बसवून विसरता येत नाही. वेग बदलला की हातही हलवावा लागतो. कवचाला भोक पडले तर तेलाचा वास आत येतो, आणि एक्झॉस्टचा जोड गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. त्यामुळे जुनी 911 घेऊन ती नव्याने बांधणाऱ्यांच्या यादीत हीटर हमखास असतो. कोणी दांडा काढून डॅशबोर्डवर गोल खटका बसवतो आणि झडपांना छोट्या विद्युत मोटारी लावतो. कोणी तापमान मोजणारा सेन्सर आणि नियंत्रक जोडतो, म्हणजे अंश सांगितले की पुढचे काम यंत्र करते. कोणी इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी एक्झॉस्टची ती कवचेच काढून साध्या नळ्या बसवतो. तिथे हीटर संपतो आणि काचेसाठी विजेचा छोटा तापक लावावा लागतो. काही जण सगळे इंजिनच काढून बॅटरी आणि विद्युत मोटार बसवतात. मग वळवून घ्यायला फुकटची उष्णता पुरेशी उरत नाही. ऊब बॅटरीतून मुद्दाम निर्माण करावी लागते आणि तितकी गाडीची पल्ल्याची क्षमता घटते.

या पायऱ्यांमध्ये कुठेतरी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो मेकॅनिकच्या कामाचा नाही: बदल झाल्यावर उभी असलेली गाडी ही तीच गाडी आहे का? तत्त्वज्ञानात हा प्रश्न फार जुना आहे. विशेष म्हणजे भारतीय परंपरेत तो अनेकदा वाहनाच्याच उदाहरणाने विचारला गेला आहे.

ग्रीक परंपरेतले उदाहरण जहाजाचे. पुराणकथेतला वीर थिसिअस ज्या जहाजातून परतला ते अथेन्सवासीयांनी जपून ठेवले, कुजलेल्या फळ्या काढून नव्या मजबूत फळ्या बसवत राहिले, आणि ते जहाज तत्त्वज्ञांच्या वादाचे ठरलेले उदाहरण झाले, अशी नोंद प्लुटार्कने केली आहे. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढून टाकलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी गोळा केल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज बांधले, तर थिसिअसचे जहाज कोणते? कोडे चांगले आहे, पण हीटरच्या दांड्याला ते पुरत नाही. थिसिअसच्या जहाजात फळीच्या जागी फळीच येते. आकार, काम, जागा सारे तेच राहते आणि बदलते ते फक्त लाकूड. कस्टम गाडीत दांड्याच्या जागी दांडा येत नाही. तिथे खटका येतो, सेन्सर येतो किंवा काहीच येत नाही. इथे द्रव्याबरोबर रचना आणि वापरण्याची रीतही बदलते. तुलनेने हा प्रश्न अधिक अवघड आहे. पाश्चात्त्य चर्चेत लॉकने द्रव्य आणि रचना यांत फरक केला होता. ओकचे झाड रोपट्यापासून वृक्ष होते, त्यातला कणन् कण बदलतो, तरी जगण्याची एक रचना सलग चालू राहते म्हणून ते तेच झाड, असे त्याचे म्हणणे. यंत्राला अशी आपोआप चालणारी रचना नसते. ती बाहेरून कोणीतरी राखावी किंवा मोडावी लागते.

भारतीय दर्शनांत न्याय-वैशेषिकांची भूमिका या प्रश्नात सगळ्यात कडक आहे. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी खरोखर असतो. तंतूंहून पट वेगळा, कपालांहून घट वेगळा. न्यायसूत्रांत त्यासाठी दिलेली एक युक्ती यंत्राला फार जवळची आहे: एक भाग धरला किंवा ओढला की सगळी वस्तू धरली जाते, ओढली जाते; नुसता भागांचा ढीग असता तर हातात तेवढाच भाग आला असता. गाडी दाराला धरून ढकलली की सगळी गाडी सरकते, हा या युक्तीचा रोजचा दाखला. पण या मताची किंमत मोठी आहे. अवयवांचा संयोग हे अवयवीचे कारण. संयोग तुटला की अवयवीही नष्ट होतो. मोठ्या वस्त्रातून एक धागा काढला तर जुना महापट संपतो आणि नवा खंडपट उत्पन्न होतो, असे नैयायिक न अडखळता मान्य करतात. या हिशेबाने हीटरचा दांडा काढला त्या क्षणी जुनी 911 संपली आणि दांडा नसलेली दुसरी गाडी जन्माला आली. एवढेच काय, आरशाचा एक स्क्रू गळून पडला तरी तेच.

मग ‘ही तीच गाडी’ अशी ओळख मालकाला होते ती कशी? नैयायिकांचे उत्तर असे की अशा ठिकाणी प्रत्यभिज्ञा सारखेपणावर आणि जातीवर उभी असते, व्यक्तीच्या एकतेवर नाही. उत्तर तर्काला धरून आहे, पण व्यवहाराला फार महाग पडते. विमा कंपनी, न्यायालय, चोरीची फिर्याद, यांतले काहीच रोज नव्याने जन्मणाऱ्या गाडीवर चालणार नाही.

याच परंपरेत उष्णतेवरून झालेला एक वाद इथे आठवण्यासारखा आहे. कच्चा घडा भट्टीत भाजला की काळ्याचा लाल होतो. वैशेषिक म्हणतात, उष्णतेने घडा परमाणूंपर्यंत विस्कटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळून नवा घडा होतो. याला पीलुपाकवाद म्हणतात. नैयायिक म्हणतात, एवढे काही होत नाही. घडा तसाच राहून आतपर्यंत भाजला जातो. हा पिठरपाकवाद. भट्टीत घड्यावर ठेवलेले दुसरे घडे कोसळत नाहीत, हा नैयायिकांच्या बाजूचा मुद्दा साधा आणि बळकट आहे. अवयव गेला की अवयवी गेला असे म्हणणाऱ्या नैयायिकांनाही गुण बदलला म्हणजे वस्तू गेली असे म्हणवले नाही. सारांश, सगळे बदल एका मापाचे नसतात हे या कडक शाळेलाही मान्य करावे लागले. गाडीचा रंग बदलणे आणि हीटरची झडप काढणे यांत फरक करावाच लागतो.

बौद्धांची वाट उलटी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनांदर, म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद, भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन विचारतो: रथ कोणता? दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? सांगाडा? जू? लगाम? हाकण्याची पराणी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो; हे सगळे मिळून रथ का, याला नाही म्हणतो; आणि यांहून वेगळा असा रथ आहे का, यालाही नाही म्हणतो. मग ‘रथ’ हे या सगळ्यांच्या आधाराने चालणारे केवळ नाव ठरते. नागसेनाला अर्थात रथाचे काही पडलेले नाही. त्याला ‘नागसेन’ या नावामागे कोणी कायम व्यक्ती किंवा पुद्‌गल नाही हे पटवायचे आहे. पण उदाहरण म्हणून घेतलेला रथ त्याच्या हेतूपेक्षा जास्त सांगून जातो.

त्या यादीतल्या शेवटच्या वस्तू पाहण्यासारख्या आहेत. चाक आणि आस रथाचे अवयव आहेत यात शंका नाही. लगाम मात्र एका टोकाला घोड्याच्या तोंडात आणि दुसऱ्या टोकाला सारथ्याच्या हातात असतो. पराणी तर रथाला जोडलेलीही नसते. तरीही नागसेनाने दोन्ही रथाच्या यादीत घातल्या. बहुतेक टीकाकार इथे थांबत नाहीत, आणि थांबायला हवे होते. वाहन म्हणजे काय हे सांगताना ते चालवण्याची साधने त्यात धरावीच लागतात, हे त्या यादीत न सांगता मान्य झाले आहे. हीटरचा दांडा याच जातीचा. तो गाडीचे वजन पेलत नाही, तिला पळवत नाही, थांबवत नाही. तो फक्त माणसाचा हात आणि गाडीतली उष्णता यांना जोडतो.

सातव्या शतकातल्या बौद्ध आचार्य चंद्रकीर्तीने रथाची तपासणी आणखी बारीक केली. रथ अवयवांहून वेगळा नाही, अवयवांशी एकरूप नाही, अवयव त्याच्या मालकीचे नाहीत, तो अवयवांत राहत नाही, अवयव त्याच्यात राहत नाहीत, तो नुसता समूह नाही आणि नुसता आकारही नाही. सात बाजूंनी शोधून रथ सापडत नाही. तरी लोकव्यवहारात रथ आहे, त्यात बसून जाता येते, आणि चंद्रकीर्ती हे हिरावून घेत नाही. न तपासलेल्या व्यवहारापुरते त्याचे असणे त्याला मान्य आहे. यातला ‘नुसता आकार नाही’ हा मुद्दा कस्टम गाडीवर नेमका बसतो. अनेक कारागीर 911 चे बाह्यरूप जुन्या धाटणीचे करतात आणि आत सगळे नवे भरतात. कॅलिफोर्नियात 2009 मध्ये सुरू झालेली सिंगर ही कंपनी 1989 ते 1994 दरम्यान बनलेल्या 911 गाड्या घेते आणि त्यांना 1960-70 च्या दशकांतल्या गाड्यांचा तोंडवळा देऊन जवळजवळ पूर्ण नव्याने बांधते. आपण मोटारी तयार करत नाही, ग्राहकाची गाडी नव्याने घडवतो, अशी तिची भूमिका आहे. म्हणजे गाडीचे द्रव्य एका काळाचे, आकार दुसऱ्या काळाचा, काम तिसऱ्याच काळाचे. बौद्ध विश्लेषणाला यात काहीच अडचण नाही, कारण त्याने मुळात व्यवहारापलीकडे गाडी मानलेलीच नाही. पण याच कारणाने ते निर्णयाच्या वेळी हात वर करते. दांडा बदललेली 911 आणि इंजिन बदललेली 911 या दोन्ही सारख्याच नाममात्र ठरत असतील, तर दोघींत फरक का वाटतो हे सांगायला ते बांधील राहत नाही.

जैन दर्शन या दोन टोकांच्या मध्ये उभे आहे आणि या विषयापुरते सर्वांत उपयोगी पडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत् वस्तूचे लक्षण असे आहे की तिच्यात उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता तिन्ही एकाच वेळी असतात. द्रव्य टिकते, पर्याय म्हणजे त्याच्या अवस्था बदलतात, आणि दोन्ही खरे असतात. आचार्य समंतभद्रांनी याला सोन्याचे उदाहरण दिले: सोन्याचा घडा वितळवून मुकुट केला, तर घडा हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि सोने हवे असणारा दोहोंत उदासीन राहतो. तिघांच्या मनोवृत्ती निराधार नाहीत. वस्तूतच नाश, उत्पत्ती आणि ध्रुवता असल्यामुळे त्या तशा आहेत.

हीटरच्या दांड्यापाशीही तिघे जण उभे असतात. जुन्या गाड्यांचा संग्राहक हळहळतो, कारण कारखान्यात बसवलेला दांडा गेला. रोज चालवणारा खूश होतो, कारण आता हिवाळ्यात काच पुसत बसावे लागत नाही. आणि गाडीकडे केवळ गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याला चासीवरचा क्रमांक तोच आहे एवढे पुरते. नय म्हणजे वस्तूकडे पाहण्याची एक दृष्टी. जैन नयवादाची खरी ताकद अशी की तो या तिघांना फक्त ‘आपापल्या जागी बरोबर’ म्हणून सोडत नाही, तर कोण कोणत्या नयाने बोलतो आहे हे सांगायला लावतो. द्रव्यार्थिक नयाने गाडी तीच, पर्यायार्थिक नयाने वेगळी. सात नयांतला शेवटचा, एवंभूत नय, तर आणखी पुढे जातो: वस्तू आपले काम करत असेल तेवढ्या क्षणीच ते नाव तिला लागू. त्या हिशेबाने मे महिन्यात मुंबईत फिरणाऱ्या 911 मधला दांडा हीटरचा दांडा नसतोच. जानेवारीत श्टुटगार्टमध्ये, काच गोठलेली असताना, तो असतो. आणि जुलैत सह्याद्रीच्या घाटात आतून धुके धरलेल्या काचेपुढे तो पुन्हा होतो, कारण काच कोरडी करण्याचे काम त्याचेच. अमेरिकेत मोटारीच्या समोरच्या काचेवरचा बर्फ आणि वाफ हटवण्याच्या यंत्रणेसाठी सुरक्षेचे वेगळे मानक आहे, ते यासाठीच. हीटर हा चैनीचा भाग मानला तर तो काढणे ही आवडीची बाब होते. तो दिसण्याचे साधन मानला तर ती चालवण्याच्या मुळावर येणारी गोष्ट ठरते. नयवादाचा गैरवापर मात्र सोपा आहे. विकणारा एका नयाने बोलतो, घेणारा दुसऱ्याने ऐकतो आणि दोघेही खरे बोलल्याचा दावा करतात. नय न सांगता केलेले विधान जैन तर्कशास्त्रातच दोषाचे धरले जाते, हे विसरले जाते.

धर्माच्या आचारात हा प्रश्न वादापुरता राहिलेला नाही. तिथे तो विधींनी सोडवला गेला आहे, आणि सोडवण्याच्या दोन रीती एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात काही वर्षांनी अधिक आषाढ आला की नवकलेवर होते. 1996 आणि 2015 ही अलीकडची दोन वर्षे. निवडलेल्या कडुनिंबांच्या लाकडातून नव्या मूर्ती घडवल्या जातात, रात्रीच्या अंधारात, डोळ्यांवर पट्टी बांधून, दैतापती सेवक जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्तींचे कोइली वैकुंठ या जागेत दफन होते. सगळे शरीर बदलते. एक वस्तू पुढे जाते आणि तिच्यामुळे देव तोच राहतो. जपानमधल्या इसे येथील शिंतो देवस्थानात दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर मंदिर नव्याने बांधतात; बासष्टावे पुनर्निर्माण 2013 मध्ये पूर्ण झाले. देवाचे पवित्र प्रतीक नव्या वास्तूत नेले जाते खरे, पण वास्तूपुरते बोलायचे तर तिची एकता लाकडात नाही. आराखडा, कारागिरी आणि क्रम यांत ती आहे. दगडी देवळांच्या जीर्णोद्धारात आगमग्रंथ आणखी एक पायरी सांगतात: काम चालू असताना मूर्तीतले चैतन्य कलशात उतरवून घ्यायचे, तात्पुरत्या जागी पूजा चालू ठेवायची आणि काम झाल्यावर ते परत स्थापन करायचे. काम चालू आहे म्हणून देव ‘नाही’ असा एक क्षणही मध्ये येऊ द्यायचा नाही, ही त्यामागची काळजी.

श्रद्धेची आणि यंत्राची बरोबरी करण्याचा इथे हेतू नाही. उत्तरांची रचना मात्र तीच दिसते. मोटारींच्या जगात चासीवर ठोकलेला क्रमांक पुढे जाणाऱ्या त्या एका वस्तूसारखे काम करतो. त्याच्याभोवती बाकी सगळे बदलले तरी कागदावर गाडी तीच. उलट जग्वारने 1963 मध्ये हलक्या ई-टाइप गाड्यांसाठी अठरा चासी क्रमांक राखले, बारा गाड्या बांधल्या आणि उरलेल्या सहा क्रमांकांच्या गाड्या 2014 पासून बांधायला घेतल्या. तिथे जुने द्रव्य काहीच नव्हते. आराखडा आणि क्रम जुने होते. त्या गाड्यांना अस्सल म्हणावे की प्रतिकृती, याचे भांडण इसेच्या देवळाला फारसे भेडसावत नाही, कारण मधला खंड सोडला तर तिथे विधी शतकानुशतके चालत आला आहे. जग्वारच्या कामात मध्ये अर्ध्या शतकाची खाच पडली.

अखंडतेचा हा मुद्दा न्यायालयातही निर्णायक ठरला. 1929 आणि 1930 मध्ये ल मान्सची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली पुढे वारंवार बदलली गेली, तिच्यात मोठे इंजिन आले, 1932 मध्ये ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर अपघातात चालक ठार झाला, आणि गाडी पुन्हा बांधली गेली. अनेक दशकांनी ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. ही ती गाडीच नव्हे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. 1990 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केले की 1929 च्या गाडीतले जवळजवळ काहीच तिच्यात उरलेले नाही, म्हणून तिला मूळ म्हणता येणार नाही. तरी तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, प्रत्येक बदल त्याच गाडीवर झाला आणि या नावावर दावा सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ ठरली आणि निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. हॉब्जचे दुसरे जहाज इथे अस्तित्वात नव्हते, हे विक्रेत्याचे भाग्य.

सरकारी कार्यालये तत्त्वज्ञानापेक्षा कमी संकोच करतात. ब्रिटनमध्ये मोठे फेरफार केलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवायचा असेल तर दीर्घकाळ गुणपद्धती चालत असे: मूळ किंवा निर्मात्याकडून आलेल्या नव्या, पण फेरफार न केलेल्या चासीला किंवा बॉडीशेलला पाच, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, इंजिनाला एक, एकूण आठ गुण हवेत आणि त्यांत चासीचे पाच आलेच पाहिजेत. म्हणजे इंजिन बदलले तरी गाडी तीच राहू शके, चासीतच फेरफार केला तर नाही. भारतात मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीत दिलेला निर्मात्याचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितले. ब्रिटिश गुणतक्त्यात हीटरच्या नियंत्रणाला शून्य गुण होते. भारतीय नोंदणी प्रमाणपत्रात त्याचा उल्लेखही नसतो. कायद्याच्या नजरेत हा दांडा कधी गाडीचा भाग नव्हताच.

नागसेनाच्या यादीकडे परत गेले तर मात्र तो आहे, आणि इथेच सगळ्यात महत्त्वाचा फरक दिसतो. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. आत्मा रथात बसलेला. तिथे रथाची लाकडे कोणती याला महत्त्व नाही. लगाम कोणाच्या हातात आहे याला आहे. केबलने हलणाऱ्या दांड्यात हात थेट झडपेवर असतो. दांडा जितका उचलला तितकी झडप उघडते, इंजिनाचा वेग वाढला की ऊब वाढते आणि ती सावरायची जबाबदारी चालकाचीच. विद्युत मोटार आणि खटका बसवला तर हाताची हालचाल इशारा होते, पण निर्णय अजून चालकाचाच. सेन्सर आणि नियंत्रक आले की चालक फक्त इच्छा सांगतो. केव्हा आणि किती हे यंत्र ठरवते. न्यायदर्शनाच्या भाषेत, करण म्हणजे साधन हळूहळू कर्त्याची जागा घेऊ लागते. हा बदल चासी बदलण्यापेक्षा लहान दिसतो, पण चालकाच्या अनुभवात त्याहून मोठा असू शकतो. बॉडीशेल नवे असूनही ज्या गाडीत हात, केबल, झडप आणि एक्झॉस्टची उष्णता हा दुवा टिकला आहे, ती जुन्या 911 च्या अधिक जवळची आहे, आणि मूळ क्रमांकाची पण बॅटरीवर चालणारी गाडी तिच्यापासून अधिक दूर, असे म्हणायला पुरेसा आधार आहे. नावाने आणि इतिहासाने दुसरी तीच आहे, यात वाद नाही.

यावरून प्रत्येक बदल निषिद्ध ठरत नाही. गळका एक्झॉस्ट आणि विषारी वायू घेऊन कोणी परंपरा जपू नये. फरक करायचा तो परतीच्या शक्यतेवरून. दांडा काढला आणि केबलची जागा तशीच राखली तर तो पर्याय उलटवता येतो. हीटरच्या हवेसाठी असलेल्या पोकळ्या वेल्ड करून बुजवल्या तर येत नाही. जुन्या वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा हिने स्वीकारलेली ट्युरिन सनद याच दिशेने जाते: वापरासाठी अटळ असलेले फेरफार उलटवता येण्यासारखे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबरच जपून ठेवावेत, अशी तिची शिफारस आहे.